स्टुलावरचा मोबाइल

दिवाळी झाली आणि हवेपायी शाळा बंद झाल्या. सकाळी खिडकीची फट उघडली तरी जळका वास घशात उतरायचा. समोरचे जुने ब्लॉक पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरांचे वरचे मजले दुपारपर्यंत दिसत नसत. कृतिका, माझी चार वर्षांची मुलगी, उजाडायच्या आत खोकायला लागायची. मी तिचा बनियन वर करून बरगड्यांकडे बघत बसायची. श्वास घेताना दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, ते बघायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते बघून झाल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

त्याच आठवड्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, प्रेसमधून लवकर घरी आले.

श्यामकांत त्यांचं नाव. विशीत वाईहून दिल्लीला आले ते सरकारी छापखान्यात बाइंडर म्हणून लागले आणि आता निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सरोजिनी नगरचं हे दोन खोल्यांचं क्वार्टर त्यांच्याच नोकरीचं. त्यात आम्ही पाच जण. माझा नवरा आशय गुरुग्रामला एका कंपनीत आहे. तो सकाळी मेट्रो धरायचा आणि कृतिका झोपल्यावर परत यायचा.

बाबा कॉटवर बसले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि म्हणाले, "कृतिका, आईला सांग, मला आज जेवायला उशीर चालेल."

ते माझ्याशी असंच बोलायचे. कृतिका व्हायच्या आधी आईंमार्फत, म्हणजे सासूबाईंमार्फत, नंतर कृतिकामार्फत. राग वगैरे काही नव्हता. सुनेशी थेट बोलायची त्यांच्या घरात पद्धतच नव्हती.

आईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही. मशिनी चालल्या."

"कुठे?"

"काही भंगारात. काही कोलकत्याला."

"आणि तुम्ही?"

बाबांनी खिशातला मोबाइल काढून कॉटवर ठेवला. गेल्या वाढदिवसाला आशयने घेऊन दिलेला. "ह्याच्यात शाळा आहे म्हणे. धडे बघायचे, मग परीक्षा. पास झालं तर इथेच दिल्लीत ऑफिसात टेबल देणार. नाहीतर मशिनीबरोबर."

आई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "कोलकत्याला? ह्या वयात?"

"वय कुठे बघतायत ते, प्रमोदिनी."

पुढचं सगळ्यांना कळलं होतं. बदली झाली की क्वार्टर जाणार. मग आम्ही गुरुग्रामला कुठल्या तरी मजल्यावर भाड्याने, आणि आई बाबांच्या मागे कोलकत्याला. इथून हॉस्पिटल जवळ आहे. मध्यंतरी कृतिकाचा श्वास लागला तेव्हा आईंनी तिला शालीत गुंडाळून रिक्षात घातलं होतं. माझ्या चपलाही घालायच्या राहिल्या होत्या. आईंशिवाय मी एकटी, परक्या टॉवरमध्ये, लिफ्टसमोर उभी. हे चित्र त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

शिकवायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मी बी.एस्सी. झालेली, शिवाय दिवसभर घरात.

सकाळी तो मोबाइल कृतिकाच्या ऑनलाइन वर्गाला लागायचा, कारण माझ्या फोनचा माइक गेला होता. वर्ग संपला की बाबांची पाळी. प्रेसमध्ये तसंही काम उरलं नव्हतं. हजेरी लावून ते जेवायला घरी यायचे.

पहिल्याच दिवशी अडचण आली ती बसायची. मोबाइलचा पडदा केवढासा. दोघांना बघायचं तर खांद्याला खांदा लावून बसायला हवं. मी कॉटच्या कडेला टेकले तर बाबा दुसऱ्या टोकाला सरकले. मी थोडी सरकले तर ते उठून पाणी प्यायला गेले. शेवटी आईंनी दोघांच्या मध्ये स्टूल आणून ठेवलं. स्टुलावर मोबाइल, पलीकडे बाबा, अलीकडे मी. बाबांना सुलट दिसायचं, मला उलट. उलटी अक्षरं वाचत मी वाकून वाकून सांगायची आणि संध्याकाळी मान धरायची.

"आता ते निळं बटण दिसतंय ना बाबा, ते दाबा. हां, अस्संच. नाही नाही, जोरात नाही, हळूच. बोट उचला. उचला लगेच."

बाबांचं बोट पडद्यावर टेकायचं आणि तिथेच राहायचं. चिकटवायला लेई लावलेला कागद दाबून धरावा तसं. मग भलतंच काहीतरी उघडायचं.

"असू दे, असू दे. परत करूया हं आपण."

हे वाक्य बोलले आणि मीच दचकले. हाच आवाज मी कृतिकाला चमच्याने वरण भरवताना काढते. बाबांनी वर बघितलं नाही. फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मोबाइलचं कुलूपही त्यांना ओळखत नव्हतं. अंगठा ठेवला की फोन थरथरून नकार द्यायचा. परत ठेवा, अंगठा पुसा, परत ठेवा. आशयने सुरुवातीला बराच वेळ खटपट केली होती. जन्मभर कागद घडी घालून अंगठ्याने दाब देऊन त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्यात, असं आई म्हणायच्या. मग आशयने आकड्यांचं कुलूप घातलं, कृतिकाच्या जन्मतारखेचं. ते आकडेही बाबांकडून घाईत चुकायचे.

त्यातल्या त्यात वाईट होते ते आवाज. धड्यातली बाई गोड हिंदीत समजवायची: फाइल कशी उघडावी, टिपण कुठे लिहावं, अनोळखी मेलमधली लिंक का दाबू नये. मग प्रश्न. उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा कडकडाट आणि "शाबाश!" चुकलं की "ओहो! फिर से कोशिश करें!" आवाज बंद केला तर धडा कळायचा नाही. इअरफोन लावले तर मला ऐकू यायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात आईंना विचारलं, "बच्ची की पढ़ाई बड़ी अच्छी चल रही है आजकल?"

"हाँ हाँ, बच्ची की," आई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन वर आल्या.

बाबा दाराशीच बसले होते. त्यांनी ते ऐकलं असणार.

रविवारी आशयने शिकवायला घेतलं. तो बाबांच्या शेजारी बिनधास्त बसला, खांद्यावर हात टाकून. पण त्याचं बोट बाबांच्या बोटाआधी पोचायचं.

"अरे, असं, असं, असं. झालं. बघितलंत?"

"नाही."

"बाबा, यार, बिल्कुल सोपं आहे. पाच वर्षांची पोरं करतात."

"मग त्यांनाच द्या टेबल," बाबा म्हणाले.

"तुम्हाला शिकायचंच नाहीये मुळात."

"आशय," आई म्हणाल्या.

"नाही, खरं सांगतोय मी. बाबांना काम येतं, बाबांना पेपर वाचता येतो, बाबांना हिंदी माझ्यापेक्षा चांगली येते. मग अडतंय कुठे? इच्छाच नाहीये." तो उठून बाल्कनीत गेला, तिथे खोकायला लागला आणि परत आत आला. बाहेर उभं राहण्यासारखी हवाच नव्हती. भांडून बाहेर जायची सोयसुद्धा नव्हती त्या दिवसांत. सगळे एकाच खोलीत तोंडं फिरवून बसलो.

बुधवारी त्यागीजी आले. प्रेसमध्ये बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे, मोठ्या आवाजाचे. चहा बशीत ओतत म्हणाले, "श्यामबाबू, आप भी कमाल करते हो. सचमुच पढ़ रहे हो?"

"तो और क्या करें?"

"अजी, सबके यहाँ बच्चे कर रहे हैं. वीडियो चला के छोड़ दो, अपने आप पूरा हो जाता है. पढ़ना किसको है!"

"लेकिन परीक्षा में तो कॅमेरा है," मी न राहवून आतून बोलले.

"है ना बेटा. चेहरा इनका चाहिए, दिमाग़ किसी का भी चलेगा." ते खदखदून हसले. "मैं कुर्सी पर बैठा, मेरी बेटी मेज़ के नीचे. मैं सवाल ज़ोर से पढ़ता, वो पैर पर उँगली मारती. एक बार यानी पहला जवाब, दो बार यानी दूसरा. अस्सी नंबर आए हैं मेरे! जितने उसके बारहवीं में नहीं आए."

बाबा हसले नाहीत. पण त्यागीजी गेल्यावर आई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी टेबलाकडे. आमचं घडीचं जेवणाचं टेबल भिंतीला लागून होतं. त्यावर लांब चादर घातली की खालचं काही दिसणार नव्हतं.

"अहो," आई म्हणाल्या, "सगळेच करतायत तर."

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग कृतिकाकडे बघून म्हणाले, "आईला विचार, तिला जमेल का खाली बसायला."

शनिवारी दुपारी परीक्षा दिली. दोनच संधी होत्या, त्यातली ही पहिली. कृतिकाला आतल्या खोलीत प्युरिफायरजवळ झोपवलं आणि आई तिच्यापाशी बसल्या. मी टेबलाखाली शिरले. मान मोडून, गुडघे छातीशी. चादरीला हळदीचा वास येत होता. समोर बाबांचे पाय. करड्या रंगाचे मोजे, टाचांशी विरलेले, घोट्यावर सैल झालेले. पाया पडण्यापलीकडे त्या पायांना मी कधी हात लावला नव्हता.

वर बाबा मोबाइल वरणाच्या डब्याला टेकवून बसले आणि पहिला प्रश्न वाचायला लागले. आवाज कोर्टात साक्ष द्यावी तसा. मी उत्तर ओळखलं आणि त्यांच्या पायावर बोट टेकवलं. पाय झटकन मागे गेला. मग हळूहळू परत पुढे आला.

तसे आम्ही बरेच पुढे गेलो. ते वाचायचे, मी टेकवायची. वरून पडद्यावर बोट आपटल्याचा आवाज यायचा. माझ्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, पण मनातल्या मनात मी गुण मोजायला लागले होते. तेवढ्यात आतून खोकला आला. कोरडा, भुंकल्यासारखा. माझा हात तिथेच थांबला. त्या खोकल्यानंतर दुसरा येतो की श्वास येतो, ते ऐकायची सवय लागली आहे मला. बाबा प्रश्न वाचून थांबले होते. त्यांनी तोच प्रश्न परत वाचला. मी ऐकतच नव्हते.

दार उघडलं. आईंची दबकी हाक आली, "कृतिका, नको, थांब." मग छोटी पावलं. चादर उचलली गेली.

"आई! तू लपाछपी खेळतेयस? आबांशी?"

मी तोंडावर बोट ठेवलं. तिला ते खेळातलंच वाटलं. ती हसली, हसता हसता तिला परत ढास लागली आणि ढास लागली की ती नेहमी करते तेच तिने केलं. जवळ जो कुणी असेल त्याच्या, म्हणजे आत्ता बाबांच्या, मांडीवर चढली.

वर मोबाइलने एक लांब सूर काढला आणि मग ती गोड बाई म्हणाली, "दूसरा चेहरा दिखाई दिया है. आपकी परीक्षा समाप्त की जाती है."

बाबांनी कृतिकाच्या पाठीवरून हात फिरवला, वर-खाली, तिची ढास थांबेपर्यंत. मग म्हणाले, "आईला सांग, ये म्हणावं बाहेर. थंड आहे फरशी."

मी बाहेर आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून मोजे वर ओढत होते.

त्यानंतर दोन-तीन दिवस मोबाइलचं नाव कुणी काढलं नाही. आई पोळ्या लाटताना एकदम थांबायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. आशय म्हणाला, "मी पीजीत खोली बघतो त्यांच्यासाठी कोलकत्याला. आई राहू दे आपल्याबरोबर." आई म्हणाल्या, "ते भात खाऊन राहणारेत का एकटे तिथे?" विषय तिथेच थांबला. मी रात्री गुरुग्रामच्या भाड्याच्या फ्लॅटांचे फोटो बघायची. सगळीकडे काचा, आणि काचांबाहेर काही दिसत नव्हतं.

मग बाबा एक दिवस प्रेसमधून पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यांच्या सामानाचा. सगळंच आवरायला काढलं होतं तिथे. डब्यात जाड सुया, मेणाचा दोरा, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी आणि लाकडी मुठीची टोचणी. कृतिकाने टोचणी उचलली.

"आबा, ये क्या है?"

"दाभण."

"दाबन?"

"दाभण. भोक पाडायचं. ठेव खाली, लागेल. जा, तुझं ते प्राण्यांचं पुस्तक आण, हत्ती बाहेर पडलाय त्यातला."

तिच्या सगळ्याच पुस्तकांची पानं सुटली होती. दुसऱ्या दिवशीपासून बाबा दुपारी जमिनीवर चटई टाकून बसायला लागले. गॅसवर मैद्याची लेई शिजवली. मी विचारलं, "बाबा, ह्याच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद नाही ना घातलेलं? ती तोंडात घालते सगळं."

"आईला सांग, आबा इतकी वर्षं लेई करतायत, अजून कुणी मेलं नाही म्हणावं."

"आई, अजून कुणी मेलं नाही," कृतिका म्हणाली.

मोबाइल तिचा वर्ग संपल्यावर स्टुलावरच राहायचा. दुसरी संधी घ्यायची तर सगळे धडे पुन्हा पहिल्यापासून चालवावे लागणार होते. मी त्यागीजींच्या म्हणण्यासारखा तो नुसता सुरू करून भांड्यांकडे वळले. बाई बोलत राहिली. बाबा हत्तीचं पान पाठीशी जोडत होते. मान खाली, चष्मा नाकावर.

नळ बंद केला तेव्हा मला ऐकू आलं. बाईने विचारलं की दुसऱ्या विभागाचं पत्र आलं तर आधी काय करावं. पडद्यावर पर्याय आले असणार. बाबा दोरा दाताने तोडत, कुणाला उद्देशून नाही, असे म्हणाले, "आधी नोंद. नोंद केल्याशिवाय पुढे कसं जाईल."

मी फडका हातात घेऊन उभी राहिले. उत्तर बरोबर होतं. बाहेर जाऊन "बरोब्बर बाबा!" म्हणावं असं अगदी ओठांवर आलं होतं. मी तिथेच ओट्याला टेकले. पुढचा प्रश्न आला. ते काही बोलले नाहीत. हाडाची पट्टी कागदावरून फिरल्याचा सरसर आवाज आला, आणि मग, "हे नाही कळलं. परत सांग बाई." बाईला परत सांगता येत नव्हतं. जरा वेळाने त्यांनी सुई चटईत खोचली, लेईचं बोट धोतराच्या जुन्या फडक्याला पुसलं आणि स्टुलाकडे हात लांब करून बोट टेकवलं. टेकवलं आणि उचललं. धडा मागे गेला.

मी त्यानंतर दुपारी स्वयंपाकघरातच काम काढायला लागले. मेथी निवडली, डबे पुसले, एकदा नुसतीच उभी राहिले. बाबांनी घरातली सगळी पुस्तकं बांधली. पुस्तकं संपल्यावर आईंची जुनी आरत्यांची वही बांधली, माझा पदवीचा फायलीतला कागद सुटा होता त्याला पुठ्ठा लावला. धडे चालत राहिले. टाळ्या वाजल्या की ते डोकं वर करत नसत. कृतिकाच वाजवायची टाळ्या बाईबरोबर.

महिना संपायच्या आत दुसरी संधी घ्यायची होती. बाबांनी शुक्रवार ठरवला. सकाळी जेवताना ते आईंना म्हणाले, "दुपारी कुणी नको घरात."

"म्हणजे?"

"आतल्या खोलीतला आवाजही त्याला जातो. ती खोकली तर परत तेच."

मी हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघितलेला होता. लाल रंगाच्याही पुढचा, जांभळा. अशा हवेत तिला बाहेर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. शेजाऱ्यांकडे बसावं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मी कृतिकाकडे बघितलं, बनियन वर केला, बरगड्या बघितल्या. बाबा ताटावरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. नाही दिली तरी चालेल."

"मेट्रोत बसतो आम्ही," मी म्हणाले. "खाली जमिनीत तरी जरा बरी असेल हवा."

दोन मास्क, वर माझी ओढणी, दप्तरात तिचा श्वासाचा पंप आणि गरम पाणी. रिक्षा मिळेपर्यंत मी तिचं तोंड माझ्या पोटाशी धरून उभी होते. आई आमच्या मागे. बाबांनी दार लावून घेतलं तेव्हा आतून कडी घातल्याचा आवाज आला. ते कधी आतून कडी घालत नाहीत.

सरोजिनी नगरच्या स्टेशनात आम्ही खाली फलाटावर बाकावर बसलो. कपड्यांच्या पिशव्या घेतलेल्या मुली येत होत्या, गाड्या भरून जात होत्या. आम्ही बसूनच. जरा वेळाने वर्दीतली बाई आली. "मैडम, कितनी ट्रेनें निकल गईं. जाना नहीं है?"

"बच्ची को साँस की तकलीफ़ है. ऊपर हवा बहुत ख़राब है."

"तो घर में रखो ना बच्ची को," ती म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. मी मान हलवली. ती खांब ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिथून बघत राहिली.

कृतिका आईंच्या मांडीवर डोकं ठेवून पेंगायला लागली. आई तिच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाल्या, "लग्न होऊन मी इथे आले ना, तेव्हा मला गॅस पेटवता येत नव्हता. माहेरी चूल आणि स्टोव्ह. मला वाटायचं, भडका उडेल."

"मग?"

"मग काय. ह्यांनी शिकवलं. मागे उभे राहायचे. काडी मीच लावायची. आठवडाभर कच्चं खाल्लं असेल, पण हात नाही लावला त्यांनी बटणाला. मी पेटवला तेव्हाच चहा झाला." त्यांनी ओठ पुसले. "बोलले काही नाहीत. नुसते मागे उभे."

गाडी आली, दारं उघडली, मिटली. मी कृतिकाचा श्वास मोजत होते आणि वर घरात बाबा कितव्या प्रश्नाला असतील ते मोजत होते. दोन्ही मोजण्या एकमेकींत मिसळून चुकत होत्या.

परतलो तेव्हा संध्याकाळ उतरली होती. जिन्यातला दिवा धुरात पिवळा दिसत होता. बेल वाजवायची की नाही, कळेना. परीक्षा केव्हाच संपायला हवी होती. आईंनी हळूच कडी वाजवली. आतून काही नाही. मग बाबांचा आवाज आला, बारीक, ओठ न हलवता बोलल्यासारखा.

"कोण?"

"अहो, आम्ही. उघडा."

"उठता येत नाही."

आईंचा चेहरा उतरला. मी जिन्याला लागून असलेल्या बाल्कनीकडून फिरून गेले. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराची कडी बाहेरून हात घालून निघते.

घरात अंधार होता. दिवा कुणी लावला नव्हता. बाबा टेबलाशी बसले होते, कोट घालून, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. समोर वरणाच्या डब्याला टेकलेला मोबाइल. त्याचा पडदा काळा होता, आणि त्या काळ्या काचेकडे ते बघत होते. पापणीसुद्धा हलवत नव्हते.

मी दारातच थांबले. कॅमेऱ्याच्या चौकटीत आले तर माझा चेहरा दिसेल, असं मलाही वाटून गेलं.

"बाबा, संपली परीक्षा?"

"माहीत नाही," ते काचेकडेच बघत म्हणाले. "शेवटचा प्रश्न झाला. बाई काहीतरी बोलली, टाळ्या वाजल्या. मग अंधार झाला. अंगठा लावला, तो घेत नाही. आकडेही चुकले. म्हटलं, कॅमेरा चालू असेल. समोरून उठू नका असं लिहिलं होतं."

"किती वेळ झाला?"

"उजेड होता तेव्हा."

मी पुढे गेले, त्यांच्या शेजारी वाकले आणि कृतिकाची जन्मतारीख दाबली. पडदा उजळला. आमच्या दोघांचे चेहरे उजेडात आले, एकमेकांच्या इतके जवळ की त्यांच्या कोटाचा लेईचा वास मला आला. वर हिरव्या अक्षरांत 'उत्तीर्ण' लिहिलं होतं. कसेबसे, लागतात त्याहून जरासेच जास्त गुण. त्याखाली निळं बटण होतं आणि त्यावर 'अगला पाठ्यक्रम शुरू करें'.

ते निळं बटण मी तळव्याने झाकलं.

"झालं बाबा. पास झालात."

त्यांनी मान हलवली. पण बसूनच राहिले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड वळवून, मला, थेट, त्यांनी विचारलं, "उठू का मी आता?"

दाराबाहेर आई कडी वाजवत होत्या. कृतिका खोकली, आणि खोकल्यानंतर श्वास आला. मी ऐकला.

"उठा ना," मी म्हणाले.

त्यांनी टेबलाला हात टेकून जोर केला, पण पाय बधिर झाले होते. ते परत खाली बसले आणि उगाच हसले. मी हात पुढे केला. तो हात त्यांनी क्षणभर नुसता बघितला आणि मग धरला. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर घट्ट बसला. त्याला खरंच एकही रेष नव्हती. गार, गुळगुळीत, घासून संपलेला. मी त्यांना उभं केलं आणि पाय हलायला लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच अंधारात उभे राहिलो.